गल्लीत एकदम ५ बंगले पाडलेत, रहिवासी संघाने नक्की करायचं काय?

सोनटक्का:

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवते. आम्ही कोथरूडला राहतो, जुनी बंगल्यांची सोसायटी आहे, एकूण २२ प्लॉट, बहुतेक घरं सत्तरच्या दशकातली, सासऱ्यांच्या पिढीने पै पै जमवून बांधलेली, पुढे चाफा आणि मागे धुणं वाळत घालायची जागा टाइप. आता २२ पैकी ५ पाडलेत, त्यातल्या ३ ठिकाणी खड्डे खणून झालेत, आणि गल्ली कागदावर ६ मीटर. कागदावर म्हणतेय कारण दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की रिक्षावालासुद्धा आरसा आत घेऊन जातो.

मागच्या महिन्यात रात्री पावणेदोनला सासऱ्यांना दम लागला, अँब्युलन्स ११ मिनिटांत आली पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली कारण आत काँक्रीटचा मिक्सर उभा, त्याच्यामागे दुसरा, आणि स्लॅब चालू असल्यामुळे दोघंही हलायला तयार नाहीत. शेवटी नवरा, दीर आणि साइटवरचे दोन मजूर अशा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. आता बरे आहेत, पण तेव्हापासून मला रात्री मिक्सर फिरल्याचा आवाज आला तरी छातीत धस्स होतं.

दुसरं म्हणजे कोपऱ्यावरच्या आजी (एकट्या असतात, मुलगा बाहेर), त्यांच्या भिंतीला लागून दोन बेसमेंटची खोदाई चालू आहे, पझल पार्किंगसाठी म्हणे (यंत्राने गाड्या वरखाली सरकवून लावतात ते). त्यांच्या देवघराचं दार गणपतीच्या आधीपर्यंत नीट लागायचं, आता खालून दोनदा तासलं तरी अडकतं, आणि ओट्याच्या मागच्या टाइल्सवर एक भेग तिरकी वर गेलीये. बिल्डरचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला घर जुनं आहे आजी, या आधीच्याच भेगा आहेत.

तिसरं, दोन वर्षांपूर्वी झालेल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोणीतरी क्लाउड किचन टाकलंय, रात्री एकपर्यंत डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या. आणि एका बंगल्यात मुलींचं पीजी झालंय, ४० एक कॉट असतील, त्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज भांडण.

संघ आहे आमचा, पण नावाला. कोजागिरी, २६ जानेवारी आणि कचऱ्याची गाडी का नाही आली एवढाच आवाका. मागच्या रविवारी मीटिंग घेतली तर अर्ध्या तासात फिसकटली, कारण संघाच्या अध्यक्षांनी स्वतःच एका डेव्हलपरशी टर्म्स ठरवल्यात हे तिथेच कळलं, आणि उरलेल्यांपैकी निम्मे गल्ली ९ मीटर होण्याची वाट बघतायत, रुंद रस्त्यावर जास्त बांधता येतं म्हणून. म्हणजे शेजारच्याची बिल्डिंग नको पण आपली व्हावी असं आहे. खोटं कशाला बोलू, आमच्या घरात पण तो विषय निघालेला आहे.

तर प्रश्न असे, संघ रजिस्टर करावा का, खोदाईबद्दल आम्हाला काही बोलायचा हक्क तरी आहे का, आणि ते ६ चं ९ मीटर प्रकरण, त्याला हो म्हणायचं की हरकत घ्यायची. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, कोर्टात जा एवढंच सांगणाऱ्यांनी कृपया फी पण सांगा 🙏

निवृत्त_ओव्हरसियर:

ताई, आजींच्या घराचं आधी. बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

तिरकी भेग आणि दार अडकणं या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पाया एका बाजूने बसतोय अशी शंका घ्यायलाच हवी. घर जुनं आहे हे खरं, पण जुन्या घराची दारं एका श्रावणात अडकायला लागत नाहीत (लाकूड पावसाळ्यात फुगतं हे मान्य, पण मग ते सगळ्या दारांचं होतं, एकाच भिंतीतल्या नाही). आज काय करायचं, काचेच्या दुकानातून २ मिमीच्या काचेच्या बोटभर पट्ट्या कापून आणा, भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं अराल्डाइटने चिकटवा, त्याच्या शेजारी भिंतीवरच पेन्सिलीने तारीख लिहा आणि त्या दिवशीचा पेपर धरून फोटो काढा. काच तडकली की भिंत अजून चालतेय, वाद संपला. आमच्या वेळी साइटवर हे शिपाईसुद्धा करायचा, आता लोक फोनमध्ये अॅप शोधतात.

मग एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, त्याचा दोन पानी रिपोर्ट घ्या, आणि तो रिपोर्ट जोडून बांधकाम परवानगी देणाऱ्या खात्याला, बिल्डरला आणि बिल्डरच्या आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल कन्सल्टंटला वेगवेगळी पत्रं, सगळ्यांची पोच घ्यायची. कन्सल्टंटला पत्र गेलं की फरक पडतो कारण सही त्याची असते, बिल्डरची नाही. शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेता येत नाही हे १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून आहे, त्यामुळे हक्क आहे का हा प्रश्नच नाही. मातीला धरून ठेवणारं शोअरिंग केलंय का, हे विचारा. नुसते पत्रे आणि बांबू असतील तर ते शोअरिंग नव्हे.

घाबरवत नाही, पण २९ जून २०१९ ची कोंढव्याची रात्र विसरू नका. सोसायटीची कंपाउंड वॉल कोसळून पलीकडच्या साइटवरच्या मजुरांच्या शेडवर पडली, १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. तीनच दिवसांनी आंबेगावात पुन्हा तसंच, ६ जण. दोन्ही वेळेला भर पावसाचे दिवस आणि भिंतीच्या पायथ्याशी झोपलेले मजूर. तुमच्या आजींच्या भिंतीपलीकडे आत्ता कोणी झोपतंय का हे उद्या सकाळी जाऊन बघा.

९ मीटरचं रात्री लिहितो, त्याला बसून लिहावं लागेल.

पीजीत_राहणारी:

मी अशाच एका ४० कॉटवाल्या पीजीत राहते (तुमच्या गल्लीत नाही बहुतेक, पण काय सांगावं). आमच्या इथल्या ग्रुपवर पण पीजीमुळे सेफ्टीचा प्रश्न आलाय असं चालू असतं, कोणीतरी स्क्रीनशॉट दाखवला होता. काका लोक, आम्ही १० ला गेट बंद होतं म्हणून धावत येतो, रस्त्यावरचे तीन दिवे बंद असतात, कोपऱ्यावर टिन शीटच्या आडोशाला पोरं उभी असतात, म्हणजे सेफ्टीचा प्रश्न आमच्यामुळे नाही, आम्हाला आहे. आमच्या मालकाने पोलिसांकडे आमची माहिती दिलीये का, अॅग्रीमेंट रजिस्टर केलंय का, एका जिन्यावर ४० मुली आणि आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे विचारा की त्याला. हे विचारलंत तर आम्ही पण येऊ मीटिंगला. पीजी हटाव म्हणून बोलावलंत तर कोण येणार.

सोनटक्का:

@पीजीत_राहणारी, पटलं. खरं तर आमच्याकडे एकदाही कोणी त्या मुलींना मीटिंगला बोलावलेलं नाही, मी पण नाही. दिव्यांचं मात्र अगदी तसंच आहे, एका साइटच्या क्रेनने वायर तुटली तेव्हापासून दोन खांब अंधारात.

@निवृत्त_ओव्हरसियर काका, काच आजच आणते. मजूर तिथेच झोपतात हो, भिंतीला टेकवूनच शेड आहे त्यांची 😟

खडूस_सभासद:

संघ म्हणजे चार रिटायर्ड माणसं, एक लेटरहेड आणि कोजागिरीचं आटवलेलं दूध, हे माझं २० वर्षांचं निरीक्षण आहे. रजिस्टर करायच्या भानगडीत पडू नका. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली ७ माणसं लागतात आणि आपल्याकडे त्याच्याच जोडीला १९५० च्या ट्रस्ट कायद्याखाली पण नोंद होते, म्हणजे दरवर्षी हिशेब, ऑडिट, कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट, आणि तो चेंज रिपोर्ट भरायचा राहिला की पुढची पाच वर्षं संघ चेंज रिपोर्टसाठीच जगतो. आमच्याकडे दोन गटांचं भांडण झालं, दोघांनी वेगवेगळे रिपोर्ट टाकले, अजून चालू आहे, मूळ मुद्दा होता नाल्यावरची जाळी. ती जाळी शेवटी समोरच्या किराणावाल्याने बसवली.

बिननोंदणीचा संघ पत्र देऊ शकतो, हरकत घेऊ शकतो, सुनावणीला जाऊ शकतो, प्रत्येकाने आपापल्या नावाने सही केली म्हणजे झालं. कोर्टात संघाच्या नावाने उभं राहायचं असेल तरच नोंदणी लागते. शिवाय तुमची मूळ प्लॉटधारकांची सहकारी सोसायटी अजून जिवंत असेल ना? मग तिचाच ठराव करा की, ती तर नोंदलेलीच आहे. आणि हो, नगरसेवकाकडे जा असं कोणीतरी म्हणेलच, मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, त्या काळात पण हेच बिल्डर हेच खड्डे खणत होते.

निवृत्त_ओव्हरसियर:

हां, आता ९ मीटर. जरा आकडे येतील.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) रस्त्याच्या रुंदीला बांधलाय. गावठाणाबाहेरच्या प्लॉटला बेसिक १.१. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर बस, वर ना प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) ना टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क). रस्ता ९ चा झाला की ०.५ प्रीमियमने, ०.४ टीडीआरने, एकूण २. आणि या दोन्ही आकड्यांवर निवासी बांधकामाला ६० टक्के अॅन्सिलरी म्हणजे वरचा जादा एफएसआय, तो पैसे भरून. म्हणजे ५ हजार स्क्वेअर फुटांच्या प्लॉटवर ६ मीटरच्या गल्लीत साधारण ८,८०० आणि ९ मीटरच्या गल्लीत १६,०००. जवळपास दुप्पट. आता तुमच्या मीटिंगमधले निम्मे लोक कशाची वाट बघतायत ते कळलं असेल, त्यांना दोष देऊ नका, ७० वर्षांच्या माणसाला जिना चढवत नाही, लिफ्ट हवी, आणि १.१ मध्ये कुठलाही बिल्डर दारात उभा राहत नाही.

महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा, म्हणजे रस्ता कुठपर्यंत रुंद होणार ती हद्द, ठरवता येते. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ करायचा मोठा विषय झाला होता तो यातलाच. दोन्हीकडून दीड दीड मीटर जातं आणि त्याचा मोबदला एफएसआयमध्ये मिळतो. पण गंमत अशी की रेषा कागदावर एका दिवसात पडते, रस्ता मात्र जसजसा एकेक प्लॉट पाडला जाईल तसतसा मागे सरकतो. पाच जण सरकले, सतरा जण तिथेच, म्हणजे दात पडलेला कंगवा. त्या रुंद तुकड्यांत गाड्या लागतात, मधल्या अरुंद तुकड्यांत तुमची अँब्युलन्स अडकते. आणि ड्रेनेजची लाइन २२ कुटुंबांच्या हिशेबाने टाकलेली ती तशीच असते, तिच्यावर येणार दीडशे दोनशे फ्लॅट.

तेव्हा हरकत घ्या की नको, तर माझं मत, नुसती नको म्हणून घेऊ नका, तीत दम नाही आणि तुमचेच निम्मे लोक विरुद्ध सही करतील. रेषेची जाहीर नोटीस निघते तेव्हा मुदतीत लेखी सूचना द्या की रेषा मान्य, पण मोकळी होणारी पट्टी प्लॉट ताब्यात येईल तशी लगेच रस्त्यात घ्या, तिथे पार्किंग नको, आणि ड्रेनेज व पाण्याच्या लाइनचं काय ते आधी सांगा. सुनावणीत बोलाल ते नोंदलं जातं, व्हॉट्सअॅपवर बोललेलं नाही.

साइटवरचा_इंजिनिअर:

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय, मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे बिल्डर नाही, पगारी माणूस.

रात्री स्लॅब का, तर शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते आणि तयार काँक्रीट प्लँटवरून निघालं की साधारण दोन तासांत ओतावं लागतं, चौकात अडकलं की गाडी फुकट. म्हणून साइटवाले संध्याकाळी उशिरा सुरू करतात आणि मग ते लांबत जातं, एक पंप बंद पडला की तीन वाजतात. हे कारण आहे, समर्थन नाही, निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि मिक्सर पंप चालू असताना ती पाळली जाणं शक्यच नाही हे आम्हाला पण माहितीये.

पण खरं सांगतो, ज्या गल्लीत एकच माणूस आमच्याशी बोलायला असतो तिथे आम्ही सरळ वागतो. २२ जण २२ वेळा फोन करतात तेव्हा सुपरवायझर फोन सायलेंटवर टाकतो. माझ्या एका साइटला गल्लीतल्या एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं की स्लॅबच्या चार दिवस आधी मला सांगायचं, मी त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या बाहेर लावायला लावते, तू दुपारी बारा ते चारमध्ये उरकायचं, आणि एका वेळी एकच मिक्सर आत, दुसरा मेन रोडला थांबणार. सात स्लॅब झाले, एकदाच रात्र झाली. वर आमच्या पोरांना चहा यायचा.

आणि ताई, भिंतीला टेकलेली शेड उद्याच हलवायला सांगा, तोंडी नाही, लेखी, फोटोसकट. मजुरांसाठी संडास आणि पाणी नसेल तर ते पण लिहा, कायद्याप्रमाणे ते मालकाने द्यायचंच असतं. ग्रुपवर मजुरांमुळे चोऱ्या वाढल्या असं कोणीतरी म्हणत असेलच, आमच्या प्रत्येक साइटला म्हणतात. तुमच्या सासऱ्यांची खुर्ची कोणी उचलली ते त्यांना सांगा.

नौपाडेकर:

ठाण्याहून. नौपाड्यात पण जुन्या तीन चार मजली बिल्डिंगा, अरुंद गल्ल्या, नियमावली तीच, त्यामुळे तुमचं वाचून आपलंच वाचतोय असं वाटलं.

वरती सगळ्यांनी साइट सुरू झाल्यावर काय करायचं ते सांगितलंय. आम्ही दोन वेळा पोळल्यावर शहाणे झालो की बिल्डर तुमचं ऐकतो फक्त सही व्हायच्या आधी. तेव्हा तो पेढे घेऊन येतो, पार्किंग वाढवून देतो, किचनला कुठली टाइल पाहिजे विचारतो. सही झाली की तो माणूस परत दिसत नाही, मग सुपरवायझर. पण सहीच्या आधी प्रत्येक जण फक्त स्वतःचं मागतो, कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) किती. गल्लीचं कोणी मागतच नाही कारण गल्ली टेबलावर नसते.

मग आम्ही काय केलं, एकाच गल्लीतल्या सहा सोसायट्यांच्या कमिट्या एकत्र बसल्या आणि दीड पानाचं एक परिशिष्ट लिहिलं, आणि ठरवलं की ज्याची वेळ येईल त्याने ते आपल्या टेंडरला आणि नंतर डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटला जोडायचं. सोसायट्यांना ते सोपं, कारण सहकार कायद्याच्या कलम ७९ अ च्या ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे टेंडर, सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश कोरम, व्हिडिओ शूटिंग हे सगळं करायचं असतं, त्यात आणखी एक कागद. तुमचे स्वतंत्र बंगले आहेत, तुम्हाला ७९ अ बहुतेक लागू होणार नाही, पण अॅग्रीमेंट तर प्रत्येक जण करतोच ना, त्याला जोडा.

परिशिष्टात काय होतं थोडक्यात सांगतो. खोदाईच्या आधी दोन्ही बाजूच्या आणि मागच्या घरांचा भेगांचा सर्व्हे बिल्डरच्या खर्चाने, फोटोची एक प्रत त्या घरमालकाला. खोदाई जून ते सप्टेंबर चालू करायची नाही. एका वेळी एकच मिक्सर, स्लॅबची सूचना आधी. अँब्युलन्ससाठी गल्ली कधीही पाच मिनिटांत मोकळी, त्यासाठी साइटवर रात्री पण एक जबाबदार माणूस. मजुरांची शेड कुठल्याही भिंतीपासून लांब. आणि शेवटचं, ज्यावरून सगळ्यात जास्त भांडण झालं, गल्लीसाठी एक डिपॉझिट, रस्ता, खांब, पाण्याची लाइन मोडली तर त्यातून. दोन बिल्डर उठून गेले. तिसरा म्हणाला, सहाच्या सहा सोसायट्या हेच मागणार आहेत का? हो म्हटल्यावर बसला.

तुमचे ५ गेले, पण १७ बाकी आहेत. आणि अध्यक्षांनी टर्म्स ठरवल्यात म्हणालात, सही झालीये का?

सोनटक्का:

@नौपाडेकर, सही नाही झालेली!! टर्म शीट झालंय, अॅग्रीमेंट दिवाळीनंतर. मी हे आमच्या घरात वाचून दाखवलं, सासरे म्हणाले, अध्यक्षाला व्हिलन करू नका, त्यालाच पहिला करा.

पण मग जे ५ ऑलरेडी सुटलेत त्यांचं? आणि ते क्लाउड किचन? त्यांच्याकडे म्हणे सगळी लायसन्स आहेत, दाखवलं त्याने, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून भिंतीवर लावलंय.

निवृत्त_ओव्हरसियर:

कुठली लायसन्स? अन्न परवाना आणि गुमास्ता असणार. एक म्हणतो अन्न स्वच्छ आहे, दुसरा म्हणतो धंद्याची नोंद आहे. जागा कशासाठी वापरायची हे या दोघांपैकी कोणीच सांगत नाही, ते मंजूर नकाशा सांगतो. कमर्शियल दराने मिळकतकर भरतात म्हणून पण ते नियमित होत नाही. निवासी झोनमध्ये धंदा अजिबात नको असं नाही हां, दवाखाना, क्लास, छोटं दुकान अशी यादी नियमावलीत आहे, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. पण मंजूर नकाशावर जिथे पार्किंग लिहिलंय तिथे भट्टी लावली तर त्यात वाद घालण्यासारखं काही राहत नाही, एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. नुसतं वास येतो, त्रास होतो असं लिहिलंत तर तक्रार आरोग्य खात्याकडून बांधकाम खात्याकडे आणि तिकडून परत अशी फिरत राहील. नकाशाची प्रत जोडून, पार्किंगच्या चौकोनावर लाल पेनाने गोल करून द्या.

नकाशा कुठून आणायचा, तर सरकारी कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल बघायची सोय आहे, २०१८ पासून राज्यभर, पुण्यात त्याच्या आधीपासून. नाहीतर माहिती अधिकार, १० रुपये, ३० दिवस. नवीन प्रोजेक्ट रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदलेला असेल (प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असले तर) तर महारेराच्या साइटवर घरबसल्या बघायला मिळतो.

आणि ते ५. त्यांचे परवाने निघालेत, पण परवान्याच्या मागे अटी असतात, त्या कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. मग जोतं (प्लिंथ) झालं की जोते तपासणी, आणि शेवटी भोगवटा पत्र. या दोन ठिकाणी बिल्डरला खात्याच्या दारात परत यावंच लागतं. तुमची पोच घेतलेली पत्रं त्या आधी फाइलला लागलेली असली पाहिजेत.

खडूस_सभासद:

ओव्हरसियर साहेबांना एवढं माहिती होतं तर आमच्या नाल्याच्या जाळीच्या वेळी कुठे होते.

पीजीत_राहणारी:

😂

सोनटक्का:

अपडेट देते, तीन आठवडे झाले.

रविवारी परत मीटिंग घेतली, यावेळी आमच्या अंगणात, आणि बोलावताना विषय फक्त एकच लिहिला, रात्री अँब्युलन्स आली तर. १९ घरांतून माणसं आली, पीजीतल्या चौघी पण आल्या, त्यांनी त्यांच्या जिन्याचा व्हिडिओ दाखवला, दुसऱ्या मजल्यावरच्या बाहेर पडायच्या दारासमोर फ्रिज. पीजीच्या मालकाला तिथेच फोन लावला, फ्रिज दुसऱ्या दिवशी हलला. पोलिसांकडे माहिती आणि अॅग्रीमेंटचं तो बघतो म्हणालाय, त्या मुलीच पाठपुरावा करतायत.

परिशिष्ट वाचलं. सगळ्यांना डिपॉझिटचाच मुद्दा खुपला (बिल्डर आमचा कॉर्पस कमी करेल, वगैरे). १३ जणांनी सही केली, ४ जण विचार करून सांगतो म्हणाले, त्यातले २ जण सांगणार नाहीत हे मला माहितीये. अध्यक्ष गप्प बसले होते, मग म्हणाले माझ्या अॅग्रीमेंटला पहिलं जोडतो, पण पावसाळ्यात खोदाई नको ही अट घातली तर माझं काम एक वर्ष लांबतं, मी आत्ता ७४ चा आहे. यावर कोणाला काही बोलता आलं नाही. शेवटी असं ठरलं की त्यांच्या तिन्ही बाजूंना शोअर पाइल (माती धरून ठेवायला कडेने जमिनीत घातलेले खांब) करून घेतलं तर पावसाळ्यात चालेल, आणि ते झालंय हे आमचा इंजिनिअर बघणार, बिल्डरचा नाही. @निवृत्त_ओव्हरसियर काका, हे बरोबर आहे का ते सांगा, आम्ही आपलं ठरवून टाकलं.

मजुरांची शेड हलली, पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. दिवे अजून बंद. क्लाउड किचनचा नकाशा सोमवारी जाऊन बघून आले, तिथे चार कार आणि बारा दुचाकी काढल्यात, लाल पेन घेऊनच गेले होते.

आजींकडे तीन काचा लावल्या. दोन तशाच आहेत, ओट्यामागची मधली नवव्या दिवशी तडकली. आजींनीच फोन केला, पहाटे चहा करताना टिक् असा आवाज आला म्हणाल्या. तारीख त्यांनी स्वतः लिहिली होती भिंतीवर, तिथी पण घातली खाली. तो फोटो पाहिल्यावर कन्सल्टंट दुसऱ्या दिवशी स्वतः आला, त्या बाजूची खोदाई सध्या थांबवलीये आणि माती परत भरून दाबतायत. पुढे काय करणार ते लेखी मागितलंय, शुक्रवारपर्यंत देतो म्हणालाय.

उद्या तिसऱ्या साइटचा स्लॅब आहे. यावेळी चार दिवस आधी कळवलं. दुपारी बारानंतर, एका वेळी एक मिक्सर. मी आत्ता गाड्या बाहेर काढायचा मेसेज टाकतेय ग्रुपवर.

नौपाडेकर:

१३ म्हणजे झालंच की, आमच्याकडे सहावर सुरू केलं होतं. डिपॉझिटवाल्या चौघांना आमच्या रस्त्याचे फोटो पाठवतो हवं तर.

निवृत्त_ओव्हरसियर:

शोअर पाइलचं बरोबर आहे, पण पाइल किती खोल जातात ते खोदाईच्या तळाशी ताडून बघा, बेसमेंट दोन असतील तर नुसतं केलंय म्हणून चालणार नाही. आणि ती तडकलेली काच काढू नका. तिच्या शेजारी दुसरी लावा.